अर्धा राहिलेला निरोप

लिफ्ट कंपनीत त्याला सगळे 'पाचवॅट' म्हणत. हे नाव स्टोअरच्या क्लार्कने ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत हा माणूस एखाद्या इमारतीच्या गच्चीवर जाई, साबणाच्या डबीएवढा रेडिओ काढी, एक वायर पाण्याच्या टाकीवरून खाली सोडी आणि कानाला हेडफोन लावून टिकटिक करत बसे. क्लार्कने एकदा विचारलं, "किती ताकदीचं आहे हे?" हा म्हणाला, "पाच वॅट." क्लार्क हसून हसून बेजार झाला. "अरे, आमच्या संडासातला झिरोचा बल्ब पंधरा वॅटचा आहे. तू पाच वॅटमध्ये कोणाशी बोलणार?" त्या दिवसापासून नाव चिकटलं. ते त्याला शोभतही होतं, कारण तो बोलायचाही तसाच, समोरच्याला जरा पुढे वाकावं लागेल इतक्या हळू.

वय चोपन्न. तीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेली. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला, फ्रेमा बसवून द्यायची. मूलबाळ नव्हतं. दोघांची सुट्टी वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे त्याचा मंगळवार त्याच्या एकट्याचा असे.

हा नाद त्याला लागला तो एका अडकलेल्या लिफ्टमुळेच. एका सहा मजली इमारतीत चौथ्या-पाचव्याच्या मध्ये लिफ्ट बंद पडली होती. आत एकच म्हातारा माणूस होता. पाचवॅट मशीनरूममध्ये ब्रेक मोकळा करून हाताने चाक फिरवत लिफ्ट खाली आणत होता, तर आतून पत्र्यावर टकटक ऐकू यायला लागली. घाबरलेला माणूस धडाधड ठोकतो. ही टकटक मात्र तालात होती, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारी. दार उघडल्यावर त्याने विचारलं, "काका, काय वाजवत होतात?"

म्हातारा कपडे झटकत म्हणाला, "निरोप देत होतो तुम्हाला. पंखा बंद आहे, लवकर करा, असा. पण तुम्ही अडाणी निघालात."

तो निवृत्त शिक्षक होता आणि चाळीस वर्षांपासूनचा हौशी रेडिओवाला. घरात टेबलभर यंत्रं, गच्चीवर मोठा अँटेना. त्याने पाचवॅटला मोर्स, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची लिपी, शिकवली, परीक्षेला बसवलं, परवाना मिळेपर्यंत पिच्छा सोडला नाही. तेव्हापासून तो पाचवॅटचा मास्तर झाला. मास्तरांच्या घरी मात्र एक अडचण होती. आजूबाजूचे चार्जर, दिवे, टीव्ही यांच्या खरखरीत बारीक आवाज बुडून जात. मास्तरांचं सगळ्यांना ऐकू जाई, पण त्यांना फारसं कोणाचं ऐकू येत नसे.

म्हणून पाचवॅट बागांकडे वळला. बागेत वीज नाही, खरखर नाही. झाडाच्या फांदीवरून दोरी टाकायची, वायर वर ओढायची, सतरंजीवर बसायचं. असे उद्योग करणारे बरेच लोक असतात. त्यांनी आपसात उद्यानांना आणि राखीव डोंगरांना क्रमांक देऊन ठेवलेले होते. मंगळवारी सकाळी हा एखाद्या क्रमांकाच्या बागेत जाऊन बसे आणि पलीकडे तसाच कोणीतरी दुसऱ्या क्रमांकाच्या झाडाखाली बसलेला असे. बोलणं दोन ओळींचं. माझा क्रमांक हा, तुझा आवाज असा, भेटू पुन्हा. वहीत नोंद करायची आणि पुढचा. त्यात काय मिळतं, असं बायकोने पहिल्या वर्षी विचारलं होतं. "कोणी विनाकारण उत्तर देतं," एवढंच तो म्हणाला. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानंतर मंगळवारचा डबा ती न सांगता भरायला लागली.

त्या मंगळवारी तो गावाबाहेरच्या एका जुन्या बागेत बसला होता. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्याला एक बारीक आवाज लागला. हात ओळखीचा होता. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जसं अक्षर वेगळं असतं. हा माणूस लांब ठोका जरा जास्तच लांबवत असे आणि दोन शब्दांच्या मध्ये माणूस पाणी पिऊन येईल इतका थांबे. आधी तीन वेळा दोघांची गाठ पडली होती. नाव-गाव माहीत नव्हतं. पाचवॅटने वहीत त्याचं नाव 'सावकाशराव' ठेवलं होतं.

आज तो हात थरथरत होता. पाचवॅट पेन्सिल घेऊन लिहीत गेला. 'कोणी आहे का. पडलो. पाय मोडला. कंबर हलत नाही. फोन गाडीत. कोणी आहे का.' मग उद्यानाचा क्रमांक.

पाचवॅटने लगेच उत्तर दिलं. 'आहे. ऐकतोय. मदत बोलावतो.' मग थांबून कानांत प्राण आणून ऐकलं.

'कोणी आहे का,' पलीकडून पुन्हा आलं.

त्याने पुन्हा पाठवलं. सावकाश, एकेक अक्षर तोडून. पलीकडून पुन्हा तेच. चार वेळा झालं. याचं तिकडे पोचतच नव्हतं. असं का होत होतं ते नंतर कळलं. सावकाशराव जिथे पडले होते तिथून वर विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या आणि त्यांच्या गुणगुणीत पाच वॅट विरघळून जात होते. पण त्या वेळी त्याला एवढंच दिसत होतं की एक माणूस दार ठोकतोय, आपण दाराच्या अलीकडे उभे आहोत आणि आपल्याला आवाज नाही.

लिफ्टच्या कामात त्याची एक पद्धत होती. हत्यारं काढण्याआधी तो दाराला तोंड लावून म्हणायचा, "मी आलोय. पंधरा मिनिटं लागतील. खाली बसून घ्या." आतला माणूस अर्धा तिथेच शांत होई. इथे तेवढंही करता येत नव्हतं.

त्यात क्रमांकाचा शेवटचा आकडा नीट कळत नव्हता. सहा म्हणजे एक लांब आणि चार आखूड. सात म्हणजे दोन लांब आणि तीन आखूड. थरथरत्या हातातून दुसरा ठोका कधी लांब येई, कधी आखूड. त्याने फोनवर यादी काढून पाहिली. सेहेचाळीस म्हणजे तळ्याकाठची शहरातली बाग. सत्तेचाळीस म्हणजे दोन तासांवरचा राखीव डोंगर, चार हजार एकरांचा.

त्याने कंट्रोलरूमला फोन लावला. आपला कॉल रांगेत आहे, असं यंत्र सांगत राहिलं. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला हेडफोन, गुडघ्यावर वही. पलीकडून सावकाशराव सांगत होते, तुटक तुटक. वायर फांदीत अडकली होती. सोडवायला झाडावर चढलो. फांदी मोडली. खाली चर आहे. सरपटत रेडिओपर्यंत आलो. पाणी आहे. मग बराच वेळ काही नाही. मग आलं, 'मुलीला सांगा'.

आणि त्याच क्षणी फोनमधून बाईचा आवाज आला. "कंट्रोलरूम. बोला."

"एक माणूस पडलाय. पाय मोडलाय, मदत पाहिजे."

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

त्याने हेडफोन कानावरून खाली ओढला आणि उभा राहिला. "माणूस पडलाय. झाडावरून."

"तुम्ही कुठून बोलताय?"

"मी बागेतून बोलतोय. पण पडलेला माणूस दुसऱ्या बागेत आहे."

"तुम्ही पडताना बघितलं का?"

"नाही. ऐकलं."

"ओरडण्याचा आवाज?"

"नाही हो. ते रेडिओवरून सांगतायत. मोर्समध्ये."

"कशामध्ये?"

"मोर्स. टिक टिक. जहाजावर असायचं बघा."

"जहाज बुडालंय का?"

"जहाज नाही. बाग."

बाई वाईट नव्हती. तिच्यासमोर रकाने होते आणि ते तिला भरायचे होते. पडलेल्याचं नाव? माहीत नाही. वय? माहीत नाही. त्यांचा नंबर? फोन गाडीत आहे. गाडीचा नंबर? माहीत नाही. कुठली बाग? दोनपैकी एक. मग तुम्हाला नक्की काय माहीत आहे, असं तिने अगदी सरळ विचारलं. गळ्यातल्या हेडफोनमधून बारीक टिकटिक येत होती, डास गुणगुणावा तशी. अक्षरं कळत नव्हती. तो एकदा म्हणालासुद्धा, "एक मिनिट थांबता का, ते काहीतरी सांगतायत." बाई म्हणाली, "साहेब, तुम्ही ठेवलात तर पुन्हा रांगेत जाल." त्याने ठेवला नाही.

शेवटी तिने तळ्याकाठच्या बागेत माणूस पाठवते म्हणून सांगितलं. ती जवळ होती. तक्रार क्रमांक दिला. त्याने तो वहीत लिहिला आणि घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.

हेडफोन पुन्हा कानावर चढवला तेव्हा पलीकडे फक्त 'कोणी आहे का' चाललं होतं. सूर आधीपेक्षा उतरला होता. बॅटरी बसत चालली की सूर असा घसरतो.

तेव्हा त्याला मास्तर आठवले. आधी का आठवले नाहीत, याचा त्रास त्याला पुढे फार झाला. मास्तरांकडे शंभर वॅट होते आणि गच्चीवर मोठा अँटेना. फोनवर तो काय बोलला ते त्याला आठवत नाही. मास्तरांनी फक्त फ्रिक्वेन्सी विचारली. अर्ध्या मिनिटात मास्तरांचा खणखणीत सूर हेडफोनमध्ये आला. 'ऐकू येतंय. मदत बोलावली आहे.'

मग पलीकडून एकच अक्षर आलं. कळलं, असा त्याचा अर्थ. मग पुन्हा तेच अक्षर. मग पुन्हा. थांबेचना. पाचवॅटने फोनवर सांगितलं, "मास्तर, पोचलं."

"मला काही ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले. "इथे नुसती खरखर आहे. तू माझा कान हो. काय विचारू?"

पाचवॅटने वहीकडे पाहिलं. पानावर 'मुलीला सांगा' लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली तक्रार क्रमांक. वर क्रमांकाचा आकडा गिरवून गिरवून काळा झालेला. सूर इतका घसरला होता की एखादं उत्तर येईल, दुसरं येईलच असं नाही.

"आकडा विचारा," तो म्हणाला. "सहा की सात. बाकी काही पाठवू नका म्हणावं."

उत्तर आलं. दोन लांब. मग इतका वेळ काहीच नाही की त्याला वाटलं संपलं. मग तीन आखूड. सात.

त्याने दुसरी रांग सोसून कंट्रोलरूमला सत्तेचाळीस सांगितलं. या वेळी फोन दुसऱ्या माणसाने घेतला आणि पहिल्यापासून सगळं विचारलं. तोवर तळ्याकाठच्या बागेतून निरोप आला होता की तिथे कोणी पडलेलं नाही, एक माणूस बाकावर झोपला होता, त्याला उठवून विचारलं. डोंगराच्या ऑफिसात फोन लागेना. तिथे दोन रखवालदार आणि एक जीप, आणि दोघेही दुसऱ्या टोकाला गेलेले.

गाडी काढून आपणच जावं, असं त्याच्या मनात तीनदा आलं. पण वायर खाली काढली असती तर त्या माणसाचं ऐकणारं कोणीच उरलं नसतं. तो बसून राहिला. मग मास्तरांना म्हणाला, "आता विचारा. मुलीला काय सांगायचं ते पुन्हा सांगा म्हणावं."

मास्तरांनी विचारलं. पलीकडून काहीतरी यायला लागलं. सूर आता सूर राहिला नव्हता, नुसती धाप होती. लांब कुठलं, आखूड कुठलं, काही समजेना. पाचवॅट हेडफोन दोन्ही हातांनी दाबून, डोळे मिटून बसला. कागदावर आठ-दहा रेघा उमटल्या, त्यांचं एकही अक्षर झालं नाही. बारा वाजायच्या सुमाराला तेही थांबलं. मास्तर मात्र दर पाच मिनिटांनी पाठवत राहिले, 'माणसं निघाली आहेत. पडून राहा.' ऐकायला कमी वीज लागते, त्यामुळे त्यांना ऐकू जात असेल, असं दोघे धरून चालले. पुढचे साडेतीन तास.

साडेतीनला फोन आला. सापडले. गेटवरची गाडी पाहून रखवालदारांनी दोन पायवाटा धुंडाळल्या होत्या, तिसरीवर झाडाला लोंबणारी नारिंगी दोरी दिसली. श्वास चालू आहे, शुद्ध नाही.

डबा तसाच भरलेला घरी आला. बायकोने तो उघडून पाहिला आणि गरम करायला ठेवला.

सावकाशराव त्यानंतर नऊ दिवस जगले. शुद्धीवर आले नाहीत. पाचवॅट दोनदा हॉस्पिटलात गेला. नातेवाईक सोडून आत कोणाला घेत नव्हते आणि कोण म्हणून आलात असं विचारल्यावर त्याला काही सांगता येईना. आधी तीन वेळा दोन-दोन ओळी बोललो आहोत, हे नातं कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

महिन्याभराने मास्तरांकडून नंबर घेऊन सावकाशरावांच्या मुलीचा फोन आला. रविवारी संध्याकाळी भेटायला येते म्हणाली.

शनिवारी बायको चष्म्याची काच पुसावी तसं टेबल पुसत म्हणाली, "अहो, तिला काहीतरी सांगा."

"काय सांगू?"

"काळजी करू नकोस, असं म्हणाले म्हणून सांगा. बाप दुसरं काय सांगणार? आणि तपासणार कोण?"

"ते म्हणाले नाहीत तसं."

"म्हणाले नाहीत हे तरी तुम्हाला कुठे माहीत आहे?"

रात्रभर विचार करून त्याने ठरवलं की बायको म्हणते तेच बरं. सकाळी दाढी करताना आरशासमोर ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिलं.

मुलगी पस्तिशीची होती. शहरात बस चालवायची. बसल्या बसल्या तिने आधीच सांगून टाकलं, "काका, मला काही चांगलं बनवून सांगू नका. हॉस्पिटलात सगळ्यांनी तेच केलं. वहीत असेल ते वाचून दाखवा."

त्याने वही आणली. बोट ठेवून वाचत गेला. कोणी आहे का. पडलो. पाय मोडला. ती खाली मान घालून ऐकत होती. फोन गाडीत, यावर तिने मान वर केली.

"त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला होता मला," ती म्हणाली. "आठ वीसला. मी गाडीवर होते. चालवताना आम्ही घेत नाही. दुपारी करू म्हटलं."

त्याने पुढे वाचलं. मुलीला सांगा. मग थांबला.

"काय?"

"तेवढ्यात फोन लागला कंट्रोलरूमचा. मला हेडफोन काढावा लागला."

तिने वही स्वतःकडे ओढून घेतली. 'मुलीला सांगा' च्या खालची ओळ तिने मोठ्याने वाचली. ती तक्रार क्रमांकाची होती, सहा आकडी. तिने तो सगळा वाचला.

"किती वेळ बोलत होतात?"

"अकरा मिनिटं."

"आणि ते तेवढा वेळ सांगत होते?"

"टिकटिक चालू होती."

"अकरा मिनिटांत किती होतं?"

तो हिशेबी माणूस. विचारल्यावर उत्तर देऊन मोकळा झाला. "ते हळू पाठवायचे. पन्नासेक शब्द."

बोलून गेल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली. स्वयंपाकघराच्या दारात बायकोने डोळे मिटून घेतले. मुलगी तो आकडा मनात धरून बसली. मग म्हणाली, "पन्नास शब्द ते एरवी आठवड्यात बोलायचे नाहीत."

"मी फोन ठेवला असता तर..." त्याने सुरुवात केली.

"तर सापडले नसते. कळतं मला." ती उठली. "सापडून तरी काय झालं, हेही कळतं."

हे ती रागाने म्हणाली नाही. त्यामुळे त्याला ते जास्त लागलं. जाताना तिने त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि बायकोच्या हातचा चहा उभ्याउभ्याच संपवला.

त्यानंतर पाचवॅटने जमेल तेवढ्या लोकांना विचारलं. त्या मंगळवारी, त्या फ्रिक्वेन्सीवर, अकराच्या आसपास कोणी काही ऐकलं का? मास्तरांनी आपल्या ओळखीच्या सगळ्यांना पत्रं घातली. उत्तरं बरीच आली. लोक हळहळले. एकाने मास्तरांचा सूर ऐकला होता आणि कोणीतरी म्हातारा स्वतःशीच बोलतोय असं वाटून तो पुढे निघून गेला होता. सावकाशरावांना कोणीच ऐकलं नव्हतं.

मुलीचा फोन आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा तिने एकच विचारलं, "काही कळलं?" आणि दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. तिसऱ्यांदा फोन आला नाही. एकदा कामावर जाताना ती त्याला बसच्या काचेमागे दिसली. सिग्नल लागलेला होता. तो हात वर करणार तेवढ्यात गाड्या सुटल्या.

पाचवॅट चार महिने बागेत गेला नाही. पाचव्या महिन्यात बायकोने स्वतःची सुट्टी बदलून मंगळवारी घेतली आणि त्याच्याबरोबर सतरंजीवर येऊन बसली. आता रेडिओला एक छोटा रेकॉर्डर जोडलेला असतो. जे येईल ते सगळं त्यात जातं आणि घरी आल्यावर तो ते पुसतो, कारण त्यात ठेवण्यासारखं काही नसतं. बायको त्याच्या शेजारी विणकाम घेऊन बसते. मधून मधून विचारते, "कोण आहे?" तो हेडफोनचा एक कान तिच्याकडे करतो. तिला काही समजत नाही, पण ती ऐकते.